आता सगळं ठीक आहे, मग केस आत्ता का गळतायत?

"टेन्शनने केस गळतात हे मलाही माहीत आहे हो मॅडम. पण आता टेन्शन नाहीच आहे ना!"

मी समुपदेशक. हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की समोरच्याने पर्समधून केसांचा गुंता काढायला सुरुवात केली, की पुढचं मला पाठ असतं. परीक्षा संपून चांगले मार्क मिळालेला मुलगा, लग्नाची धावपळ आटोपून सासरी रुळलेली मुलगी, डेंग्यूतून उठलेले काका. सगळ्यांचं म्हणणं एकच: वाईट दिवस गेले, मग केस आत्ता का जातायत?

मेधा (नाव आणि तपशील बदलले आहेत) जुलैत आली. वय छत्तीस, पुण्यात एका बँकेत अधिकारी. मार्चमध्ये तिचे सासरे आयसीयूत होते, तिथून ते सुखरूप घरी आले. नवऱ्याची नोकरी तेव्हा परगावी, म्हणून १९ रात्री आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर हिनेच काढल्या. जूनपासून केसांची गळती सुरू झाली. तोवर तीन तेलं, एक सीरम आणि मैत्रिणीने सुचवलेल्या बायोटिनच्या गोळ्या करून झाल्या होत्या.

मी तिला तिच्याच भाषेत सांगितलं, "हे मागच्या तिमाहीचं बिल आहे." केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. एरवी दहातला एखादाच केस विश्रांतीत असतो. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, जागरणं, जबर धक्का असं काही झालं की पुष्कळ केस एकदम वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम उतरतात. न्हाणीच्या जाळीवर आज अडकलेला गुंता आजच्या मनःस्थितीबद्दल काही सांगत नाही. मुळं शाबूत असतात. सहसा सहा महिन्यांत गाडी रुळावर येते.

तिने मान डोलावली. मी श्वासाचा एक व्यायाम दिला, आणि मला वाटलं, झालं काम. नव्हतं झालं. पुढच्या वेळी ती लॅपटॉप घेऊन आली. एक्सेलमध्ये रकाने होते: तारीख, उशी, फणी, न्हाणी, एकूण. ती केस मोजत होती! साध्या दिवशी ११०-१२०, रविवारी २८०.

"रविवारीच का?"

"रविवारी न्हाते. आधी एक दिवसाआड न्हायचे. आता भीती वाटते."

म्हणजे आठवडाभर सुटे झालेले केस रविवारी एकगठ्ठा हातात यायचे आणि ती आणखी घाबरायची. एवढं समजावून मी लॅपटॉप बंद करणार, तेवढ्यात शेवटच्या रकान्याकडे लक्ष गेलं. वेळ. उशीवरचे केस मोजल्याची वेळ रात्री २.१०, २.०५, २.१५. ओळीने सगळ्या नोंदी दोनच्या आसपास.

"रात्री दोनला काय असतं?"

"काही नाही. जाग येते. मग झोप लागत नाही, म्हणून मोजते."

"मार्चमध्ये दोनला काय असायचं?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सिस्टर दार उघडून पेशंटचं नाव पुकारायच्या. अमक्यांचे नातेवाईक कोण? मग चिठ्ठी घेऊन खाली मेडिकलमध्ये धावायचं. रोज दोनच्या सुमाराला. दार वाजलं की पोटात खड्डा. औषध आणायला बोलावतायत की..." वाक्य तिने पुरं केलं नाही. डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबांचा डिस्चार्ज झाला मॅडम. माझा झालाच नाही."

पंचवीस वर्षांच्या कामात अशी वाक्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ऐकली. दोन सत्रं मी तिला 'ताण संपल्यावरची गळती' समजावत होते, आणि तिचा ताण रोज रात्री दोनला ड्यूटीवर हजर होत होता. खरं सांगायचं तर ती वेळ मला दिसली याचा थोडा अभिमान आहे, आणि आधी विचारली नाही याची लाजही.

मी वैद्य नाही. पण आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक वैद्य बसतात, आणि वर्षानुवर्षांच्या चहात त्यांच्याकडून बरंच उचललं आहे. आयुर्वेदात केस हा अस्थिधातूचा मल मानतात, म्हणजे अन्न पचून हाडं घडताना मागे उरणारा भाग. त्यामुळे केसाचा विचार डोक्याच्या कातडीपाशी थांबत नाही, तो पचनापर्यंत जातो. केस पिकण्याचं कारण सांगताना सुश्रुत क्रोध, शोक आणि श्रम या तिघांनी वाढलेली उष्णता डोक्याकडे जाते असं म्हणतो. तीनपैकी दोन गोष्टी सरळ मनाच्या! आणि चरकाच्या तीन उपचारपद्धतींत एक आहे सत्त्वावजय, म्हणजे अहितकारक विषयांपासून मन आवरणं. आमचे काही सहकारी हसतात, पण मला त्यात माझंच काम दिसतं.

मेधाचा अहितकारक विषय होता मोजणं. ते एकदम बंद कर म्हटलं असतं तर जमलं नसतं. आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, एवढंच ठरवलं. रात्री जाग आली तर एक्सेल उघडायचं नाही. उठून सासऱ्यांच्या खोलीच्या दाराशी जायचं, त्यांचं घोरणं ऐकायचं आणि परत येऊन आडवं व्हायचं. पहिल्या आठवड्यात ती चार वेळा दाराशी गेली, तिसऱ्या आठवड्यात एकदाच.

दुसरी गोष्ट तेलाची. "तेल कसं लावता?" विचारलं तर म्हणाली, "दोन मिनिटं, आरशासमोर. लावून झालं की तळहात बघते." हे तेल लावणं नव्हे, ही तपासणी झाली. वैद्यांनी साधं कोमट तेल सुचवलं, डोक्याला, कानांना आणि तळपायांना. अभ्यंगात याच तीन जागांवर भर असतो. मी माझी अट घातली: तेल दुसऱ्याने लावायचं, आणि समोर आरसा नको.

सासूबाईंनी लावलं. मेधाने नंतर सांगितलं, आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, फक्त बोटं फिरत होती. मग मागून विचारलं, "तेव्हा तू रात्री जेवत होतीस का गं?" मार्चपासून घरात हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. ती आईंच्या गुडघ्याला टेकून रडली, आईही रडल्या. उशी तेलकट झाली एवढंच नुकसान.

तेलाने नवे केस उगवतात का? तसा दावा मी करणार नाही. खोबरेल केसाची झीज कमी करतं, मुळाला हुकूम देत नाही. त्या अर्ध्या तासाचं मोल मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं.

इथे एक कळकळीची गोष्ट. मनाकडे वळण्याआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा), थायरॉईड. मेधाचं फेरिटिन कमीच निघालं आणि डॉक्टरांनी लोह सुरू केलं. बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी तसं सांगा, थायरॉईडचे आकडे त्याने चुकू शकतात. चाई पडली असेल (एखाद्या जागी गोल चकती होऊन केस गेले असतील), टाळू लाल होऊन खवले येत असतील किंवा भांग रुंदावतच चालला असेल, तर समुपदेशकाकडे न येता आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आणि 'आयुर्वेदिक आहे, अपाय काय होणार' म्हणून अश्वगंधा मनाने सुरू करू नका. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर धोका वेगळाच. ब्राह्मी, माका, जटामांसी ही नावं कितीही ओळखीची असली तरी मात्रा वैद्यांनी ठरवायची.

मेधाच्या केसांचं श्रेय लोहाचं, काळाचं की तेलाचं, याची वाटणी मी करत बसत नाही. झोपेचं मात्र थोडं माझ्याकडे ठेवते.

डिसेंबरमध्ये ती शेवटची आली तेव्हा कपाळाजवळ दोन बोटं लांबीचे नवे केस ताठ उभे होते. ते दाबत म्हणाली, "हे बघा ना, क्लिपमध्ये बसतच नाहीत. वैताग आहे नुसता."