शाळा सुटली, घंटा सुटेना

प्रश्न : ताई, सहा महिन्यांपूर्वी आम्ही मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं. मुलगा ७ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची आणि धाकटा १० महिन्यांचा. मी मोठ्या हौसेनं टाइमटेबल केलं. नऊ ते साडेनऊ भाषा, साडेनऊ ते दहा गणित, मग परिसर, चित्रकला, असं एक वाजेपर्यंत. पंधरा दिवस छान चाललं. आता रोज नऊला बसतो आणि साडेनऊला माझा आवाज चढलेला असतो. बाळ रडतं, मुलगी दादाच्या वहीवर रेघोट्या मारते, मुलगा म्हणतो, ‘मला नाही करायचं.’ दुपारी बघते तर निम्मं टाइमटेबल तसंच राहिलेलं. मी मुलांचं नुकसान तर करत नाही ना?

उत्तर : तुझ्या वयाची मुलगी मला आहे असं समजून ‘अगं’च म्हणते.

अगं, तुझ्यासारखाच एक कागद आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेला होता. लाल-निळ्या स्केचपेननं आखलेला, रकाने पाडलेला. थोरला साडेसहा वर्षांचा होता, मधली चारची, आणि धाकटा नुकता रांगायला लागला होता. तिसऱ्या आठवड्यात मधलीनं त्या कागदावर एक मांजर काढलं, बुधवारच्या गणिताच्या चौकटीत. मी तिच्यावर जोरात ओरडले. ती रडत रडत म्हणाली, ‘पण इथे रिकामी जागा होती.’ त्या दिवशी बुधवारच होता. आणि गणित झालंच नव्हतं.

शाळेचं टाइमटेबल कुणासाठी बनतं ते आधी बघ. एका खोलीत एकाच वयाची तीस-चाळीस मुलं, एक शिक्षक, आणि घंटा झाली की दुसऱ्या शिक्षकाला किंवा पुढच्या विषयाला यायचं असतं. त्या तासात हजेरी असते, वह्या काढणं असतं, सगळ्यांचं लिहून होईपर्यंत थांबणं असतं. मुलाला प्रत्यक्ष काही नवं कळण्याचा वेळ त्यातला थोडाच. तुझ्या घरी तू आणि एक मूल समोरासमोर बसता तेव्हा हे थांबणं उरतच नाही. मग तो अर्धा तास भरायचा कशानं? तू तो भरायला जातेस आणि मुलगा कंटाळतो. त्याचं काम दहा मिनिटांपूर्वीच झालेलं असतं.

इंग्लंडमध्ये शार्लट मेसन नावाच्या शिक्षणतज्ज्ञ होऊन गेल्या (१८४२ ते १९२३). घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी त्यांनी बरीच वर्षं काम केलं. आठ वर्षांखालच्या मुलांचा कुठलाही धडा साधारण २० मिनिटांपलीकडे जाऊ नये, असं त्या सांगत. मी हे आमच्याकडे करून पाहिलं तेव्हा पहिला आठवडा मलाच चोरी केल्यासारखं वाटत होतं. पण थोरला वही मिटताना ‘अजून एक’ म्हणायला लागला, आणि तिथेच थांबायचं हे मी शिकले.

तेव्हा सात वर्षांच्या मुलाला भाषा १५-२० मिनिटं, आकडेमोड तेवढीच, आणि कुणीतरी वाचून दाखवलेली गोष्ट. एवढं झालं की अभ्यास झाला. चार वर्षांच्या मुलीला ठरवून काही शिकवू नकोस. ती दादाच्या शेजारी बसून कानानं निम्मं उचलते आहेच. गोष्ट संपल्यावर प्रश्नपत्रिका काढल्यासारखे प्रश्नही नकोत. ‘सांग बघू काय झालं ते’ एवढंच म्हण आणि ऐक. मेसनबाईंचाच हा रिवाज. यात मूल गोष्ट मनात लावतं, क्रम जुळवतं, शब्द शोधतं. आमचा थोरला सुरुवातीला एकाच वाक्यात मोकळा व्हायचा. वर्षभरानं त्याला थांबवावं लागे.

आता घड्याळ. ‘नऊला भाषा’ असं ठरवलंस की सव्वानऊला तुला उशीर झालेला असतो, आणि उशीर झालेल्या माणसाचा आवाज चढतोच. त्याऐवजी ‘न्याहारीनंतर भाषा’ असं ठरव. न्याहारी लांबली तर भाषाही मागे सरकते, कुणालाच उशीर होत नाही. आमचा दिवस अशा चार खुंट्यांवर टांगलेला असे : न्याहारीनंतर वही, बाळ झोपल्यावर आकडे, जेवणानंतर गोष्ट, ऊन उतरल्यावर बाहेर. मधला सगळा वेळ मोकळा. एखाद्या दिवशी एक खुंटी निखळे. आजारपणात तर तीन निखळत आणि फक्त गोष्ट राहत असे. चालतं.

आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगते, ती मला फार उशिरा सुचली. आधी धाकट्यांना दे. मी वर्षभर उलट करत होते. थोरल्याचा अभ्यास ‘महत्त्वाचा’ म्हणून तो आधी, आणि धाकट्यांना ‘थांबा, थांबा’. उपाशी मांजरं पायात घुटमळावीत तशी ती दोघं घुटमळायची. एकदा थोरला आंघोळीला गेलेला असताना मी सहज जमिनीवर दोघांबरोबर बसले, ठोकळ्यांचा मनोरा केला, पाडला, पुन्हा केला. दहा मिनिटं असतील. मग मी उठले तर ती दोघं खेळतच राहिली. पोट भरलं होतं त्यांचं. तेव्हापासून वही उघडायच्या आधी दहा मिनिटं जमिनीवर.

शिवाय एक खोका ठेव, जो फक्त दादाच्या अभ्यासाच्या वेळीच निघतो आणि नंतर वर जातो. आमच्या खोक्यात कपड्यांचे चिमटे, डब्यांची झाकणं, जुना टॉर्च आणि कापडाचे तुकडे होते. दर आठवड्याला दोन वस्तू बदलायच्या. तुझं बाळ १० महिन्यांचं आहे, तेव्हा मणी, बटणं, बिया, बॅटरी असं घशात जाण्यासारखं त्यात काहीही नको. टॉर्चच्या बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होणारं नसेल तर टॉर्चसुद्धा नको.

नुकसान तू करत नाहीस. फक्त तो कागद भिंतीवरून काढ. आम्ही आमचा काढला, पण मांजराची चौकट मी कापून ठेवली आहे.

प्रश्न : माझी साडेसात वर्षांची मुलगी ३४ सांगितलं की ४३ लिहिते. तोंडी शंभरपर्यंत घडाघडा म्हणते. तिला काही अडचण तर नसेल?

उत्तर : एकदा मोठ्यानं ‘चौतीस’ म्हणा आणि स्वतःकडे लक्ष द्या. आधी काय आलं? चार. मग तीस. तुमची मुलगी कानावर पडलं तसं लिहिते आहे, आधी ४, मग ३. मराठीत बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. या दोन्हींची गाठ लहान मुलाला स्वतः मारावी लागते. या वयात ही चूक खूप मुलं करतात.

त्यात आपले ‘एकोण’ आहेत. थोरल्यानं एकदा ‘एकोणचाळीस’ लिहिलं आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिला. म्हणाला, ‘आई, चाळीस कुठाय यात? मला तीन आणि नऊ दिसतात.’ मी इतकी वर्षं हा शब्द बोलत होते, मला कधी हे दिसलं नव्हतं. चाळीसला एक कमी, म्हणून चाळीसचं नाव घ्यायचं आणि लिहायचं मात्र तिसातलं. बरं, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत नीट चालते आणि ९९ ला येऊन मोडते. तिथे एकदम नव्याण्णव! मुलं ‘एकोणशंभर’ म्हणतात तेव्हा ती नियम शिकली आहेत, एवढं ओळखा आणि कौतुक करा.

उपाय साधा आहे. काड्या घ्या. दहा-दहाचे जुडे रबरबँडनं तिलाच बांधू द्या. ‘चौतीस’ म्हटलं की तिनं तीन जुडे आणि चार सुट्या काड्या मांडायच्या, जुडे डावीकडे. मग जुड्यांचा आकडा आधी लिहायचा. काही दिवस नेहमीच्या नावाबरोबर ‘तीन दहा आणि चार’ असंही म्हणा. बांधायचं काम तुम्ही करून देऊ नका, खरं शिकणं त्या बांधण्यात आहे. पुढे हातच्याची वजाबाकी येईल तेव्हा हेच जुडे सोडायचे असतात, आणि ज्यानं ते बांधलेत त्याला ते सोडताना नवल वाटत नाही.

प्रश्न : मी आजी आहे. माझा नातू पावणेसात वर्षांचा, घरीच शिकतो. हुशार आहे, पण अजून वाचत नाही. सून म्हणते, ‘वाचेल तेव्हा वाचेल.’ मी काही बोलले की घरात तणाव होतो. गप्प बसू का?

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. काळजी करणारं माणूस घरात असणं हे त्या मुलाचं भाग्य आहे. गप्प बसू नका, पण जे बोलाल ते सुनेशी एकटीशी, आणि मुलासमोर एक शब्दही नको. आपण वाचत नाही ही घरातली काळजी आहे, हे एकदा मुलाला कळलं की ते पुस्तक दिसलं तरी दुसरीकडे बघतं.

सुनेचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. फिनलंडमध्ये मूल ज्या वर्षी सात पूर्ण करतं त्या वर्षी सक्तीचं शालेय शिक्षण सुरू होतं. आमची मधली पाचव्या वर्षी वाचायला लागली, धाकटा साडेसातला. आज तुम्ही दोघांपुढे पुस्तक ठेवलंत तर कोण आधी शिकलं हे ओळखता येणार नाही.

पण ‘वाचेल तेव्हा वाचेल’ हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. वाट बघायची तर डोळे उघडे ठेवून. आधी त्याची नजर आणि कान तपासून घ्या. हे सगळ्यात आधी, आणि याच महिन्यात. मग खेळता खेळता बघा : ‘पाटी’ला जुळणारा शब्द त्याला सुचतो का, ‘काठी, वाटी’ असं काही? ‘कमळ’मध्ये पहिला आवाज कोणता, हे सांगतो का? कालची ओळखीची अक्षरं आज ओळखतो का? हे जमत असेल तर निश्चिंत राहा. खूप प्रयत्न करूनही जमत नसेल, किंवा घरात आणखी कुणाला वाचनाचा असाच त्रास झाला असेल, तर वाचनाच्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. डिसलेक्सिया असेल तर तो लवकर कळलेला बरा. शिकवण्याची पद्धत बदलली की ही मुलं वाचतात.

आपल्या लिपीतल्या अडचणीही ध्यानात असू द्या. ‘कि’ म्हणताना क आधी आणि इ नंतर, पण वेलांटी बसते क च्या आधी. ‘चार’ आणि ‘चाक’ यांत अक्षर एकच आणि उच्चार दोन, ‘जीभ’ आणि ‘जागा’चंही तेच. आपल्याला हे जाणवत नाही, शिकणाऱ्याला अडतं. म्हणून आधी कानामात्रा नसलेले शब्द : घर, नळ, बस. हे भरपूर झाल्यावरच काना. बाराखडी पाठ असणं वेगळं आणि त्यातलं एक अक्षर मधूनच ओळखणं वेगळं.

१९०७ साली रोममध्ये डॉ. मारिया माँटेसरी यांनी लहान मुलांसाठी बालगृह सुरू केलं. तिथे खरखरीत कागदाची अक्षरं कापून पाटीवर चिकटवलेली असत, आणि मुलं त्यांवरून बोटं फिरवत आवाज म्हणत. त्यातली बरीच मुलं वाचायच्या आधी लिहायला लागली. हे काम तुम्ही करू शकता, आजी. पॉलिश पेपर आणि कात्री घ्या, आठवड्याला दोन अक्षरं. आमच्या धाकट्याला ‘ळ’ फार आवडायचा, डोळे मिटून तो त्यावरून बोट फिरवत बसे. आणि रोज रात्री गोष्ट सांगा, वाचून नव्हे, तोंडी. पुढे पुस्तकात जे शब्द भेटायचे आहेत ते आधी कानाच्या ओळखीचे झालेले बरे. सून तुम्हाला अडवणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी संध्याकाळी सातनंतर घरी येतो. बायको दिवसभर तीन मुलांना सांभाळते आणि शिकवते. मी काय करू शकतो?

उत्तर : पहिलं म्हणजे, दारातून आत येताच ‘आज काय शिकलात?’ विचारू नका. तो प्रश्न मुलांना असतो, पण परीक्षा तिची होते.

झोपतानाचं वाचन तुमचं. रोजचं, अगदी थकलेल्या दिवशीही. त्यात तिनं आठवण करून द्यायची नाही. आणि आठवड्यातून एक अख्खी सकाळ तिन्ही मुलांना घेऊन घराबाहेर जा. तिला ‘तू आराम कर’ म्हणून घरात ठेवून आतल्या खोलीत मुलं खेळवणं याला मी सुट्टी म्हणणार नाही. कान तिकडेच असतात.

शिवाय तुम्हाला हातानं जे येतं ते शिकवा. माझा नवरा म्हणायचा, ‘मला शिकवता येत नाही.’ एका रविवारी त्याच्या सायकलचं पंक्चर काढायचं होतं. त्यानं बादलीत पाणी घेतलं, ट्यूब बुडवली आणि मुलांना म्हणाला, ‘बुडबुडे कुठून येतात बघा.’ थोरल्यानं भोक शोधलं, मधलीनं पॉलिश पेपरनं तेवढी जागा खरखरीत केली, आणि गुळगुळीत रबरावर ठिगळ का धरत नाही यावर अर्धा तास चर्चा झाली. धाकटा बादलीत हात घालून बसला होता. मी आतून ऐकत होते, पण बाहेर गेले नाही. मधली आता सोळा वर्षांची आहे आणि घरातल्या सगळ्या सायकलींची पंक्चरं तीच काढते.