टेपवर गेलेली फाइल परत येईना

प्रश्न : सोयाबीन आणि तुरीच्या प्लॉटचे ड्रोनने काढलेले आमचे फोटो डीएमएफ (फाइली डिस्कवरून चुंबकीय टेपवर हलवणारी आणि मागितल्या की परत आणणारी प्रणाली) असलेल्या सर्व्हरवर आहेत. जुन्या हंगामाच्या फाइली यादीत दिसतात, आकारही दिसतो, पण उघडायला गेलं की प्रोग्रॅम अडकतो. ५० एमबीच्या ४०० फोटोंना अख्खा दिवस गेला. नेटवर्क बदलावं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नेटवर्कला हात लावू नका. डिस्कवर आता नाव, आकार, मालकी एवढंच उरलंय. आतला डेटा टेपवर आहे. 'डीएमएलएस -एल' हा डीएमएफचा आदेश चालवून फाइलची अवस्था बघा. 'ओएफएल' म्हणजे फक्त टेपवर, 'डीयूएल' म्हणजे डिस्क आणि टेप दोन्हीकडे, 'यूएनएम' म्हणजे परत येण्याच्या वाटेवर. 'आरईजी' असेल तर ती टेपवर गेलेलीच नाही.

आता हिशेब करू. ४०० फोटो म्हणजे २० जीबी. एलटीओ-८ ड्राइव्ह (एलटीओ या टेप प्रकाराच्या आठव्या पिढीचं यंत्र) सेकंदाला ३०० एमबीच्या वर वाचतो, म्हणजे डेटा वाचण्याचं काम मिनिटभराचं. दिवस जातो तो टेप फिरवण्यात. मागची टेप गुंडाळून काढायची, रोबोटने दुसरी लावायची, हव्या जागी न्यायची, यात सहज तीन मिनिटं जातात. फोटो सहा टेपांवर विखुरलेले असले आणि प्रोग्रॅम ते नावाच्या क्रमाने एकेक उघडत गेला, तर वाईटात वाईट ४०० वेळा तीन मिनिटं, म्हणजे २० तास.

म्हणून सगळं एकदम मागा. हव्या त्या फाइलींचे पूर्ण मार्ग एका मजकूर फाइलीत, ओळीला एक असे लिहा आणि 'डीएमगेट < यादी' असा एकच आदेश द्या; डीएमगेट फाइली टेपवरून डिस्कवर परत आणतो. मग मागण्या टेपनुसार लावता येतात आणि टेपा सहा वेळाच बदलाव्या लागतात. लूप लिहून फाइलमागे एक डीएमगेट चालवलंत तर पुन्हा तेच रडगाणं. सगळ्या फाइली 'डीयूएल' दिसल्या की मगच विश्लेषण सुरू करा.

पुढच्या हंगामापासून एका उड्डाणाचे फोटो एका टार फाइलीत (अनेक फाइलींचं एकच गाठोडं) बांधूनच टेपवर पाठवा. आत काय आहे याची यादी मात्र वेगळी काढून डिस्कवर ठेवा. नुसतं आत डोकवायलाही अख्खी टार खाली उतरते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : कुणी काही मागवलेलं नसताना रातोरात डिस्क भरते. चोर कसा शोधायचा?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : फाइलचा डेटा वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम ती परत मागवतो, मग तो माणसाने चालवलेला असो की क्रॉनने (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय). नेहमीचे संशयित : अँटिव्हायरसचं रात्रीचं स्कॅन, फाइलींच्या आत शब्द शोधणारं 'ग्रेप -आर', प्रती जुळवताना फाइली वाचून पडताळणारं 'आरसिंक -सी', छोटी चित्रं दाखवणारा फाइल मॅनेजर आणि डीएमएफची ओळख नसलेलं बॅकअप. नुसतं 'एलएस' किंवा नावावरून 'फाइंड' निरुपद्रवी असतं. त्याला '-एक्झेक' जोडून फाइल वाचायला लावलीत की घात. डिस्क कधी भरायला लागते ती वेळ क्रॉनच्या वेळापत्रकाशी ताडून बघा. स्कॅनमधून तो फोल्डर वगळा आणि आलेल्या फाइलींची जागा 'डीएमपुट -आर'ने मोकळी करा.

प्रश्न : धाराशिवच्या कार्यालयात ठेवलेली टेप मे महिन्यात गाडीतून आणून लगेच लावली. फाइल दोन दिवस 'यूएनएम'वरच अडकली आहे. आदेश पुन्हा पुन्हा देऊन पाहिला.
– एक वाचक, लातूर

उत्तर : आदेश पुन्हा दिल्याने टेप लवकर लागत नाही. आधी लायब्ररीच्या (टेपा ठेवणाऱ्या रोबोटवाल्या कपाटाच्या) यादीत त्या टेपचा बारकोड आहे का बघा. हाताने आत ठेवलेली टेप नोंदली गेली नसेल तर मागणी नुसती ताटकळते. मग ड्राइव्ह बंद पडलाय किंवा सफाई मागतोय का ते पाहा. सफाईची टेपही ठरावीक वेळाच चालते, आणि ड्राइव्हने न मागता ती लावत राहिलं तर हेड झिजतो. पिढीही तपासा : एलटीओ-८ ड्राइव्हला एलटीओ-६ टेप वाचता येत नाही.

मराठवाड्याच्या मे महिन्यात बंद गाडीत टेप ठेवणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. ती एसी गाडीतून, बंद डब्यात आणा आणि लावण्याआधी २४ तास सर्व्हर खोलीच्या हवेत ठेवा. एवढं करूनही वाचताना त्रुटी आली, तर ती टेप पुन्हा पुन्हा फिरवू नका. दुसऱ्या प्रतीवरून फाइल आणा आणि मग नवी प्रत बनवा.