विकर, विकार आणि विरजण

शब्दांविषयी आलेला हा प्रश्न आमच्या नागपूरचाच आहे. औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीला कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मराठी भित्तिपत्रक करायचं आहे. विषय आहे दुसऱ्या प्रथिनांना कामाला लावणारी एंझाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी विकरं, आणि त्यांच्यामुळे रोगांच्या संशोधनाला मिळालेली दिशा. तिने मथळा लिहिला, ‘प्रथिनांना सक्रिय करणारी विकरं’. सरांनी तो खोडून ‘प्रथिनांना उत्तेजित करणारे विकार’ असा केला. ती विचारते, बरोबर कोण?

तुम्ही बरोबर. सरांचे दोन्ही शब्द चुकले.

‘विकर’ला ‘विकार’ म्हणणं ही आता साथच झाली आहे. मागच्या महिन्यात नागपुरातल्या बर्डीवर कर्करोगाविषयीच्या एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते अभ्यासू, विषय उत्तम, पण तासाभरात अकरा वेळा ‘विकार’ म्हणाले. मी वहीच्या कोपऱ्यात रेघा ओढत होतो. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, “हा पेशीतला विकार जन्मापासूनच असतो का?” आजोबांचं काय चुकलं? वक्ता ज्याला शरीराचं हत्यार म्हणत होता, त्याला श्रोता रोग समजून बसला. एका कान्याने तासाभराचं व्याख्यान उलटं केलं.

दोन्ही शब्द वि + कृ (कृ म्हणजे करणं) या एकाच घरातले. ‘विकर’मधला ‘कर’ म्हणजे करणारा, जसा दिनकरमधला, सुखकरमधला. ‘विकार’ म्हणजे घडून आलेला बदल. पाणिनीचं ‘तस्य विकारः’ हे सूत्र रोगाबद्दल नाही, अमक्यापासून बनलेलं तमकं याबद्दल आहे. दही हा दुधाचा विकार, हा दर्शनग्रंथांतला नेहमीचा दाखला. रोग हा अर्थ आज हृदयविकार, त्वचाविकार यांमुळे इतका घट्ट बसला आहे की तिथून परत फिरता येणार नाही. म्हणून तर बदल घडवणाऱ्याला ‘विकर’च म्हणायला हवं, काना न देता.

‘उत्तेजित’बद्दल एवढंच, की उत्तेजन आधीच धडपडणाऱ्याला देतात. इथे ज्या प्रथिनाबद्दल बोलतोय, ते मुळात काम करण्याच्या स्थितीतच नसतं. त्याचा एखादा तुकडा छाटावा लागतो किंवा त्याला काहीतरी जोडावं लागतं, मगच ते चालतं. ‘सक्रिय’ ठीक आहे, जरा कोरडा आहे. त्याहून फार चांगला शब्द आपल्या स्वयंपाकघरात पडून आहे, त्याच्याकडे येतोच.

‘प्रथिन’वर थांबत नाही, फक्त एक सांगतो, की हा शब्द बनवणाऱ्याला नमस्कार करावा. १८३८ साली बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने मुल्डर या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाला ‘प्रोटीन’ हे नाव सुचवलं ते ‘पहिलं, अग्रस्थानी असलेलं’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मराठीने ‘प्रथम’मधला ‘प्रथ’ घेतला आणि ध्वनीही राखला, अर्थही राखला. असं क्वचित जमतं.

‘एंझाइम’ हे नाव १८७०च्या दशकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ क्यूने याने दिलं. ग्रीक ‘झ्यूमे’ म्हणजे खमीर, आंबवण. ‘एन’ म्हणजे आत. खमिरातलं ते एंझाइम. त्याला संस्कृतातला तंतोतंत शब्द ‘किण्व’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे दारूवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात उडीद आणि तांदूळ घालून किण्व बांधायची कृती आहे. चार्वाक तर म्हणत, किण्वातून जशी मदशक्ती उपजते तसं पृथ्वी, पाणी अशा महाभूतांतून चैतन्य उपजतं. मराठीने ‘किण्वन’ घेतलं, हिंदीवाल्यांनी ‘प्रकिण्व’ही केलं. आणि आपल्या मराठी विश्वकोशाने? ‘एंझाइम’च ठेवलं. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली, संस्कृत कोळून प्यालेल्या माणसांनी केलेला कोश, आणि त्यात हा ग्रीक पाहुणा जसाच्या तसा! सुटसुटीतपणासाठी ठेवला म्हणतात. मला हे पटत नाही. ज्याच्या पोटात मराठी माणसाला काहीच ऐकू येत नाही तो शब्द सुटसुटीत कसला? उलट टोकाला आमच्याच नागपुरात बसून कोशकार डॉ. रघुवीर यांनी उपसर्ग, धातू आणि प्रत्यय जुळवून शब्द पाडायची टांकसाळ उभी केली. ‘विकर’ मला त्याच पद्धतीच्या घडणीचा वाटतो. व्याकरणात चोख, पण त्याला वास नाही. वि + कृ मधून काहीही निघू शकतं, म्हणूनच तो ‘विकार’शी भांडत बसतो.

वास असलेला शब्द आहे ‘वितंचक’. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात तो एंझाइमसाठी भेटतो, हल्ली कोणी वापरत नाही. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी कोश उघडून बसलो आणि संध्याकाळ तिथेच गेली. मूळ धातू ‘तञ्च्’: आकसणं, घट्ट होणं. त्याला ‘आ’ लागला की ‘आतंचन’, म्हणजे दूध घट्ट करण्यासाठी त्यात घालायचं ते. सरळ मराठीत, विरजण!

तैत्तिरीय संहितेत, दर्शयाग या अमावास्येच्या यज्ञाच्या प्रकरणात, यज्ञाचं दूध कशाने विरजावं याची अक्षरशः यादी आहे. वृत्राला मारून इंद्राची शक्ती ओसरली, ती वनस्पतींत गेली, गाईंनी खाल्ली, दुधात उतरली. आता ते दूध कशाने लावायचं? पूतीक नावाच्या वनस्पतीने किंवा पळसाच्या सालीने विरजलं तर ते सोमाचं, बोरांनी विरजलं तर राक्षसांचं, तांदळाने तर विश्वेदेवांचं, साध्या आतंचनाने तर माणसांचं, आणि दह्याने विरजलं तर इंद्राचं. निकाल असा: ‘दध्नातनक्ति सेन्द्रत्वाय’, दह्याने विरजतो, इंद्रयुक्त व्हावं म्हणून. ‘आतनक्ति’ हे क्रियापद मोठ्याने म्हणून पाहा. दूध थिजताना ऐकू येतं.

पळस आणि बोरं! विदर्भातल्या माणसाला ही यादी परकी वाटूच शकत नाही. घरात विरजण संपलं तर माझी आई कोमट दुधात दोन हिरव्या मिरच्यांचे देठ सोडायची. पातेलं टॉवेलात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायची. डिसेंबरात सकाळपर्यंत वाट बघायची आणि मे महिन्यात दुपारी लावलेलं दही चार तासांत आंबट व्हायचं. पण ते देठाचं दही ती जेवायला वाढत नसे. त्यातलं चमचाभर काढून पुन्हा नव्या दुधाला लावायची आणि ते दुसरं दही खरं मानायची. शेजारची काकू वाटी घेऊन दारात यायची, “इरजन हाय का वं माय?” दिवेलागण झाली असेल तर आई देत नसे. संहितेतला क्रम आणि आमच्या ओट्यावरचा क्रम एकच होता: बाकी कशानेही लागतं, पण दह्याने दही लावावं.

आता तुमच्या भित्तिपत्रकाकडे येतो, कारण नेमकं हेच स्वादुपिंडात घडतं. क्यूनेनेच नाव दिलेलं ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं विकर. स्वादुपिंड ते थेट ट्रिप्सिन म्हणून बनवत नाही, झोपलेल्या रूपात बनवतं. त्याला ट्रिप्सिनोजेन म्हणतात. ते लहान आतड्यात उतरलं की आतड्याच्या अस्तरातलं दुसरं एक विकर त्याच्या टोकाचा छोटासा तुकडा छाटतं आणि ट्रिप्सिन जागं होतं. हे छाटणारं विकर सेंट पीटर्सबर्गला रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगशाळेत १८९९ मध्ये सापडलं. पावलोव्हने त्याला ‘विकरांचं विकर’ अशा अर्थाचं बिरुद दिलं आणि नाव पडलं एंटेरोकाइनेज. पण खरी गंमत पुढे आहे. जागं झालेलं थोडंसं ट्रिप्सिन उरलेल्या ट्रिप्सिनोजेनला स्वतःच छाटून जागं करतं. म्हणजे एंटेरोकाइनेज मिरचीचा देठ, आणि ट्रिप्सिन चमचाभर दही. दध्नातनक्ति!

आणि आपण ‘आनंदावर विरजण पडलं’ का म्हणतो, यावर माझं जुनं मत आहे. वाक्प्रचार समजावणारे सांगतात, विरजण आंबट, म्हणून वाईट. साफ चूक. आंबट तर चिंचही असते, आनंदावर चिंच पडली असं कोणी म्हणत नाही. आंबटपणाशी त्याचा संबंध नाही, वेळेशी आहे. खिरीसाठी आटवत ठेवलेल्या दुधात दह्याचा थेंब पडला तर ते दूध गेलं. तीच वस्तू रात्री, उतरवलेल्या कोमट दुधात पडली तर सकाळी घर जेवतं. विरजण वाईट नसतं, अवेळी पडलं तर वाईट.

स्वादुपिंडदाह म्हणजे अवेळी पडलेलं विरजण. १८९६ साली प्रागच्या हान्स किआरीने म्हटलं, की या रोगात स्वादुपिंड स्वतःलाच पचवतं. आतड्यात जागं व्हायचं ट्रिप्सिन ग्रंथीच्या आतच जागं होतं आणि एकाने दुसऱ्याला उठवत जातं. १९९६ मध्ये पिढ्यान्‌पिढ्या हा रोग असलेल्या कुटुंबांत ट्रिप्सिनोजेनच्याच जनुकात दोष सापडला. ट्रिप्सिन जिथे स्वतःला तोडून थांबवतं ती जागाच बदललेली होती, त्यामुळे एकदा पेटलं की विझायचं नाव नाही. करोनाच्या काळात सगळ्यांनी ऐकलेला विषाणूचा काटाही (स्पाइक प्रथिन) आधी आपलीच विकरं छाटतात, फ्युरिन हे त्यातलं एक. मगच तो पेशीत शिरू शकतो. अशा छाटणाऱ्या विकरांना रोखणारी रसायनं शोधणं हा संशोधनाचा मोठा भाग आहे.

छाटून जागं करणाऱ्यांना मी ‘आतंचक’ म्हणेन. संस्कृत जड वाटत असेल तर ‘विरजक’ म्हणा, मला तोही आवडतो.

काइनेजबद्दल मात्र सावध राहा. ग्रीक ‘किनेइन’ म्हणजे हलवणं, त्यातूनच सिनेमा आला. आधी हा शब्द ‘जागं करणारं ते’ एवढ्याच अर्थाने होता, म्हणून एंटेरोकाइनेज. पुढे तो फॉस्फेटचा गट जोडणाऱ्या विकरांसाठी पक्का झाला आणि बिचारं एंटेरोकाइनेज नावापुरतंच काइनेज राहिलं. प्रथिनाला फॉस्फेट जोडलं की ते चालू होतं, काढलं की बंद, हे फिशर आणि क्रेब्ज या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात स्नायूंमधल्या एका विकरावर दाखवलं; १९९२चं नोबेल त्यासाठी. काही प्रथिनं उलट फॉस्फेट जोडल्यावर बंद पडतात, म्हणून प्रत्येक काइनेजला ‘सक्रिय करणारं’ म्हणू नका. माणसात अशी पाचशेच्या वर काइनेज आहेत. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि एक काइनेज कायमचं चालू राहतं. त्याच्या खाचेत बसून ते बंद करणारं इमॅटिनिब अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं आणि त्या रोगाचं चित्र पालटलं.

मथळा असा करा: ‘प्रथिनांना जागं करणारी विकरं’. खाली ट्रिप्सिनच्या चित्राशेजारी दह्याची वाटी काढा. सरांनी पुन्हा काना दिला तर त्यांना विचारा, दही हा दुधाचा विकार असेल, तर विरजण कोण?