मनातलं विचारा : मूडच्या दोन-दोन गोळ्या कशासाठी?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी ३८ वर्षांचा आहे, कोथरूडला राहतो, चाकणला शिफ्टमध्ये काम करतो. चार वर्षांपूर्वी डिप्रेशन आलं, सोबत छातीत धडधड, कंपनीच्या बसमध्ये बसलं की घाम फुटायचा. तेव्हा नुसती डिप्रेशनची गोळी सुरू केली आणि दोन महिन्यांत असा काही सुटलो की रात्री तीन तास झोपून फ्रेश, क्रेडिट कार्डवर दीड लाखाची खरेदी, साहेबांशी भांडण. मग दुसऱ्या डॉक्टरांनी बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार वर उसळतो तर कधी फार खाली जातो, असं सांगितलं, ती गोळी बंद करून व्हॅलप्रोएट दिलं. उसळी थांबली पण उदासी आणि धडधड आहेच. आता त्यासोबत लॅमोट्रिजीन सुरू केलंय, तेही २५ मिलिग्रॅमची गोळी एक दिवसाआड. ओळखीच्या एकाला हीच गोळी रोज २५ ने सुरू केली आणि पाचव्या आठवड्यात १०० वर नेली. मला एवढी कमी का? मीच रोज घेतली तर चालेल का? मेडिकलवाला म्हणतो दोन्ही फिट्सच्या गोळ्या आहेत, आणि आई म्हणते दोन-दोन लागतात म्हणजे आजार वाढलाय.

उत्तर : सगळ्यात आधी, रोज घेऊ नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल पण हे आत्ताच मनावर घ्या. तुमच्या डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही, उलट त्यांनी अगदी बरोबर केलंय.

लॅमोट्रिजीन शरीराबाहेर काढायचं काम लिव्हर करतं, आणि व्हॅलप्रोएट नेमकं तिथेच आडवं येतं. सकाळी चांदणी चौकात एक लेन बंद केली की मागे काय होतं ते तुम्हाला माहितीये, तसंच इथे औषध तुंबतं आणि रक्तातलं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. म्हणजे तुमची एक दिवसाआड २५ ही त्या ओळखीच्या माणसाच्या रोजच्या २५ इतकीच पडते, त्याला बहुतेक नुसतं लॅमोट्रिजीन असणार. पुढेही तो २०० वर थांबला तर तुम्ही साधारण १०० वर थांबाल, आणि ते कमी नाहीये.

आणि हळू जायचं खरं कारण म्हणजे त्वचा. ही गोळी घाईने वाढवली तर क्वचित अंगावर फार गंभीर पुरळ येतं, त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात, त्यात जिवावरही बेतू शकतं. व्हॅलप्रोएट सोबत असेल तर धोका आणखी वाढतो, आणि बहुतेक वेळा ते पहिल्या आठ आठवड्यांत होतं. म्हणून या काळात अंगावर काहीही उठलं तरी ‘घामोळं असेल’ म्हणून पावडर लावत बसू नका, दाखवा. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल असं काही असेल तर लॅमोट्रिजीनची पुढची गोळी न घेता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. अजून एक, गावाला गेलात, गोळ्या विसरल्या आणि पाच-सहा दिवस खंड पडला तर परत आल्यावर जुन्या डोसवर एकदम उडी मारू नका, फोन करून विचारा, बऱ्याचदा पुन्हा खालून चढायला लागतं. लोक इथेच फसतात.

आता दोन गोळ्या का. व्हॅलप्रोएट प्रामुख्याने वरची उसळी धरतं, लॅमोट्रिजीन खालची घसरण अडवायला जास्त उपयोगी. दोघांची कामं वेगळी. आईंना सांगा की आजार वाढला म्हणून नाही, उरलेलं अर्धं काम करायला दुसरी आलीये. मेडिकलवाला म्हणाला ते खरंच आहे, दोन्ही आधी फिट्ससाठीच वापरात आल्या, पण लॅमोट्रिजीनला बायपोलरसाठी अमेरिकेत २००३ मध्येच मान्यता मिळालीये, चुकून दिलेलं नाही. फक्त पूर्ण डोस व्हायलाच सहा आठवडे जातात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ असं ठरवू नका प्लीज.

धडधडीबद्दल मात्र खरं सांगते, या दोन्ही गोळ्या मुळात एन्झायटीच्या नाहीत. मूड स्थिर झाला की एन्झायटीचाही बराच भाग आपोआप बसतो, पण जो उरतो त्यासाठी वेगळं काम करावं लागतं. त्यात समुपदेशन येतं, विशेषतः सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी, बसमध्ये घाम फुटतो त्यावर ते चांगलं चालतं. गरज पडली तर डॉक्टर क्वेटियापीनसारखं औषध विचारात घेतील, बायपोलरच्या डिप्रेशनमध्ये ते देतात, त्यात वजन आणि शुगर बघावी लागते. धडधड शांत करणारं क्लोनाझेपाम थोडे दिवस ठीक, महिनोन्‌महिने नको, सवय लागते. आणि ती जुनी डिप्रेशनची गोळी एकटी परत कधीच सुरू करायची नाही, फॅमिली डॉक्टरांनी प्रेमाने लिहून दिली तरी नाही, कारण ती उसळी तिनेच आणली असणार. द्यायची वेळ आलीच तरी मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीच्या (स्टॅबिलायझरच्या) आधारानेच आणि सायकिअ‍ॅट्रिस्टच्या नजरेखाली.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण मला खटकली, ती म्हणजे शिफ्ट. झोप तुटणं हे बायपोलरमध्ये पेटत्या काडीसारखं आहे, एका नाईट शिफ्टच्या आठवड्यात दोन्ही गोळ्यांच्या मेहनतीवर पाणी पडू शकतं. डॉक्टरांकडून पत्र घ्या आणि जनरल शिफ्ट मागा. आणि कुठल्या रात्री मन फारच टोकाला गेलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

प्रश्न : आईचं वय ६१. पंधरा वर्षं लिथियमवर आहे, अगदी छान आहे. यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालायचं म्हणते, आणि त्या दिवशी एकादशी, तिचा उपास निर्जळी असतो. हल्लीच बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक सुरू झालंय, ते आमच्या इथल्या डॉक्टरांनी दिलं, त्यांना लिथियमचं सांगितलं नव्हतं. जाऊ देऊ का? – हडपसर

उत्तर : बरं झालं विचारलंत, कारण इथे एकाच वेळी चार गोष्टी एका दिशेला ओढतायत.

लिथियम हा एक क्षार आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते मॅनियासाठी, म्हणजे मूडच्या वरच्या उसळीसाठी, वापरलं आणि आजही त्याच्या तोडीचं औषध मला माहीत नाही, आत्महत्येचा धोका कमी करण्यात तर ते फारच मोलाचं आहे. पण किडनी त्याला मिठासारखंच वागवते. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही. घाम आणि निर्जळी उपास दोन्ही तेच करणार, वर डायक्लोफेनॅक आणि टेल्मिसार्टन ही दोन्ही औषधंसुद्धा रक्तातलं लिथियम वाढवतात. प्रमाण साधारण ०.६ ते १ च्या मध्ये हवं, वय वाढलं की त्यातही खालच्या बाजूला बरं, आणि १.५ च्या वर गेलं की विषबाधा सुरू. म्हणजे फायदा आणि अपाय यात अंतर फार थोडं आहे.

त्यामुळे आधी या आठवड्यातच लिथियम लेव्हल, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि थायरॉईड करून घ्या. लेव्हलचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो आणि सगळे घाबरतात. गुडघ्याला डायक्लोफेनॅकऐवजी पॅरासिटॅमॉल चालेल का ते विचारा, बहुतेक चालेल. बीपीची गोळी मनाने बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा, जवळ सोय नसेल तर ससून हॉस्पिटलच्या ओपीडीत सगळं एकत्र घेऊन जा.

आणि वारी? रिपोर्ट चांगले आले आणि डॉक्टर हो म्हणाले तर मी अडवणार नाही. पंधरा वर्षं नेमाने गोळ्या घेऊन उभी राहिलेली बाई आहे, तिची इच्छा मोठी आहे. पण निर्जळी नाही. साबुदाणा खाऊ दे, ताक मीठ घालून पिऊ दे, उपासाला सैंधव चालतं, तेही मीठच आहे. हडपसरपर्यंत पालखीसोबत चालावं, दिवे घाट गाडीने चढावा. सोबत घरचं कुणीतरी हवंच, आणि त्या माणसाला हे पाठ हवं : हात जोरात थरथरायला लागले, बोलणं जड झालं, चाल दारू प्यायल्यासारखी झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची लिथियमची गोळी द्यायची नाही आणि थेट हॉस्पिटल. उन्हाने झालं असेल म्हणून झाडाखाली बसवून ठेवायचं नाही.

प्रश्न : मी २७ वर्षांची, लॅमोट्रिजीन २०० वर वर्षभर एकदम स्थिर होते. पाळी अनियमित म्हणून गायनॅकनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या आणि महिन्याभरात परत तेच रडू, तीच भीती. घरचे म्हणतात तू मनाला लावून घेतेस. माझंच काही चुकतंय का? – सिंहगड रोड

उत्तर : नाही गं, तुझं काहीच चुकत नाहीये. त्या गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन असेल तर ते लॅमोट्रिजीन शरीरातून भराभर बाहेर काढतं, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येऊ शकतं. तू २०० घेतेस, पण अंगाला १०० च लागू पडतायत. घरच्यांना हा परिच्छेद दाखव. दोन्ही डॉक्टरांना आजच कळव, एक तर डोस वाढवतील किंवा पाळीसाठी इस्ट्रोजेन नसलेलं दुसरं काही देतील. हार्मोनच्या गोळ्या मनाने एकदम थांबवू नकोस, थांबवल्या की लॅमोट्रिजीन उलटं वाढतं, म्हणून तेही सांगूनच करायचं. आणि या सगळ्यात कुणी लॅमोट्रिजीन बदलून व्हॅलप्रोएट देऊ का म्हणालं तर पुढे मूल हवंय की नाही हे आधी स्पष्ट बोल, गरोदरपणात व्हॅलप्रोएट चालू असेल तर दहातल्या साधारण एका बाळात जन्मतः व्यंग दिसतं, तुझ्या वयात ते शक्यतो टाळतातच.