इलेक्ट्रॉन सुटतो, पण परत येतो

प्रश्न: अ‍ॅटोसेकंद पल्सबद्दल (अ‍ॅटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश) वाचताना डोकं गरगरलं. वायूवर जबरदस्त लेसर मारून इलेक्ट्रॉन उपटतात म्हणे आणि त्यातून प्रकाशाचा एकदम छोटा पल्स निघतो. पण इलेक्ट्रॉन सुटला म्हणजे गेलाच ना? आणि लेसरचाच पल्स अजून छोटा करायचं सोडून हा वायूचा उपद्व्याप कशाला?

उत्तर: आधी दुसरं घेऊ, ते लवकर मिटतं. पल्स कितीही छाटा, त्यात साधारण एक लाट तरी बसायला हवी. या कामात नेहमी वापरतात त्या ८०० नॅनोमीटर लेसरची एक लाट २.७ फेमटोसेकंदांची, म्हणजे २७०० अ‍ॅटोसेकंद. त्याखाली जायचं तर लाटच बारीक पाहिजे, म्हणजे दूरच्या अतिनील नाहीतर क्ष-किरणांकडे सरकायचं, आणि तसला प्रकाश वायू बनवून देतो.

आता इलेक्ट्रॉन. तो सुटतो हे खरंय, पण लेसरचं विद्युतक्षेत्र दर अर्ध्या लाटेला दिशा बदलतं, आधी त्याला बाहेर ओढतं आणि लगेच उलटं ढकलतं, मग क्षेत्र टोकाला पोचून उतरायला लागल्यावर जे सुटले त्यातले काही आपल्याच अणूवर येऊन आदळतात आणि वाटेत कमावलेली ऊर्जा एका झटक्यात प्रकाश म्हणून टाकून देतात. टोकाच्या आधी सुटलेले मात्र खरंच गेले, तिथे तुमचं बरोबर. लेसरचं ध्रुवण वर्तुळाकार केलं, म्हणजे क्षेत्र मागे-पुढे न हलता गोल फिरायला लावलं, तर इलेक्ट्रॉन अणूला चुकवतोच आणि हा प्रकाश जवळजवळ बंद पडतो, म्हणजे परत येण्याची गोष्ट नुसती कल्पना नाही. हे सगळं दर अर्ध्या लाटेला होतं, त्यामुळे एक पल्स नाही, १.३ फेमटोसेकंदांच्या अंतराने माळच मिळते. एकटा पल्स हवा तर मूळ लेसर दोन-तीन लाटांचाच ठेवणं हा एक उपाय.

खरी गंमत पुढे आहे. मग लेसर अजून जोरात मारून सगळाच वायू आयनित करू, म्हणजे प्रत्येक अणूचा इलेक्ट्रॉन उपटू, असं वाटेल, तर तिथेच घोळ होतो. मोकळे इलेक्ट्रॉन वाढले की लेसरचा आणि नव्या प्रकाशाचा वेग जुळत नाही, मग वायूत आधी बनलेला प्रकाश आणि पुढे बनलेला प्रकाश एकमेकांना खोडतात. ८०० नॅनोमीटरला आर्गॉन चार-पाच टक्के आयनित झाला की बस, हेलियमला तर अर्धा टक्काच पुष्कळ. म्हणून लॅबमध्ये निम्मा वेळ लेसरचा जोर आणि वायूचा दाब जुळवण्यातच जातो.

भौतिकशास्त्रज्ञ आन लुइलिये आणि सहकाऱ्यांना वायूतून असा प्रकाश १९८७ मध्ये दिसला, इलेक्ट्रॉन परत येतो हे सोपं चित्र पॉल कॉर्कम यांनी १९९३ मध्ये मांडलं, आणि पल्स किती छोटा हे मोजायला थेट २००१ उजाडलं. पिएर आगोस्तिनींच्या गटाची २५० अ‍ॅटोसेकंदांच्या पल्सची माळ, फेरेंक क्राउस यांच्या गटाचा ६५० चा एकटा पल्स. २०२३ चं नोबेल लुइलिये, आगोस्तिनी आणि क्राउस यांना मिळालं, कॉर्कम राहिले, आणि मला त्याची चुटपुट अजून आहे.