गोव्यात राहून नवरा-बायकोने परदेशातल्या पहिल्या ट्रेकची तयारी कशी करावी, आणि जावं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही मडगावला नोकरीला, वय चाळिशीच्या आसपास, पुढच्या वर्षी पहिल्यांदाच परदेशात ट्रेक करायचा आहे, मनात नेपाळमधला अन्नपूर्णा बेस कॅम्प आहे. पण बायको भराभर पुढे जाते, तुम्ही मागे राहता, आणि रविवारच्या फिरण्याचा शेवट अबोल्यात होतो. तर गोव्यातच राहून तयारी होईल का?

होईल. फक्त अन्नपूर्णा पहिल्या खेपेला नको, पहिली खेप श्रीलंकेची करा, एवढं आधीच सांगून टाकते. आम्ही डिचोलीचे, पन्नाशीला टेकलेले. रजा मिळेल तशी शेजारच्या सत्तरी तालुक्यात भटकतो आणि पैसे साठले की बाहेर जातो, त्या जोरावर हे लिहितेय.

आधी अबोल्याचं बघू, कारण वाटेत तोच सगळ्यात जास्त नडतो. आमच्याकडे चढाला मी पुढे आणि उताराला नवरा पुढे, असं आपोआप व्हायचं. त्याला चढाला दम लागतो. मला उताराला गुडघ्यांची भीती वाटते. म्हणून आता उलटं करतो. चढाला तो पुढे, उताराला मी पुढे. जो हळू तो पुढे, आणि मागच्याने त्याला ओलांडायचं नाही. मागच्याला सुरुवातीला फार कंटाळा येतो, हे खरं. पण पुढे गेलेला माणूस वळणावर थांबतो, मागचा धापा टाकत पोचतो आणि तो पोचताक्षणी पुढचा म्हणतो, "चल, निघूया." म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज त्यालाच ती मिळत नाही! भांडण खरं तिथेच सुरू होतं. तुमच्या घरात बहुधा चढ-उतार दोन्हीकडे बायकोच पुढे असेल. तिला सांगून बघा, महिनाभर मागून चाल. पाठीवरचं जास्तीचं ओझंही तिच्याकडेच द्या, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

आता गोवा. आपल्याकडचं सर्वांत उंच शिखर सत्तरीतलं सोंसोगड, तेही हजार मीटरच्या जेमतेम वर. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटरवर आहे. विरळ हवेची सवय आपल्याला इथे कुठेच लागणार नाही, आणि तंदुरुस्त माणसाला उंची बाधत नाही हा निव्वळ गैरसमज आहे. पण दमट हवेत घामाने निथळत चालणं, निसरड्या दगडावर पाय टाकणं, व्हाळ म्हणजे ओढे ओलांडणं, दिवसभर भिजलेल्या कपड्यांत चिडचिड न करणं, हे सगळं गोव्याइतकं चांगलं कुठे शिकायला मिळणार?

तुम्ही मडगावचे, तेव्हा पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरापासून सुरुवात करा. सुमारे ३५० मीटर उंची. वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. रस्ता बराच वर जातो आणि पुढे पायऱ्या आहेत. गाडी खालीच लावा आणि पूर्ण चालत जा. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरून पायऱ्या चढा-उतरा. श्रीलंकेच्या वेळी याचा उपयोग कळेल. तिथून कंटाळलात की रिवणजवळ उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जा. चालणं फारसं नाही, पण चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, सड्यावर कोरलेले बैल, हरणं आणि ते मोठं गोल चक्रव्यूहासारखं चित्र पाहायला ऊन कलताना जावं. तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात, भर दुपारी नुसता दगड दिसतो.

पावसात वझर, म्हणजे धबधबे, बघायला सगळा गोवा निघतो. नेत्रावळीत सावरी आणि मैनापी, सत्तरीत चरावणे, हिवरे, पाळीचा लाडक्याचा वझर. अभयारण्यातल्या वझरांवर वनखात्याची परवानगी, तिकीट, कधी सरसकट बंदी, असं दर पावसाळ्यात बदलत असतं. जुलै २०२३ मध्ये मैनापीला दोघे बुडाल्यावर प्रवेश बंदच केला होता. त्यामुळे निघण्याआधी गेटवर चौकशी करा आणि गावातला वाटाड्या घ्या. म्हादईच्या रानात वाघ आहेत, गवे तर आहेतच, आणि वाटाड्याला वाटेइतकंच हेही कळतं की आज कुठे जायचं नाही. दूधसागरला रुळांवरून चालत जायचा विचारही करू नका. त्याच २०२३ च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी हौशी मंडळींना रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. पाऊस संपल्यावर कुळ्याहून जीप सुरू होतात, तेव्हा जा. ३१० मीटरचा धबधबा तेव्हाही बारीक नसतो.

ओल्या चिऱ्याबद्दल मात्र सविस्तर सांगते. चिरा कोरडा असताना बुटाला घट्ट धरतो, म्हणून आपण बेफिकीर होतो. पावसात त्याच्यावर हिरवं-काळं शेवाळ चढतं. हिरवं दिसतं तरी. काळं दगडाच्याच रंगात मिसळून जातं, आणि माणूस पडतो तो काळ्यावर. त्यावर टाच टेकायची नाही. तळवा पूर्ण सपाट ठेवायचा, पाऊल आखूड, आणि वजन पुढच्या पायावर टाकण्याआधी किंचित दाबून बघायचं. नवऱ्याला हे सांगून जमलं नाही, मग मी त्याला आमच्या मागीलदारच्या न्हाणीपाशी शेवाळलेल्या दगडावर अनवाणी चालायला लावलं. शेजारीण हसली, पण जमलं! व्हाळ ओलांडताना पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलात तर पिशवी झटकन टाकता येते. तोंड पाणी येतं त्या बाजूला, एकमेकांचे खांदे धरायचे, एका वेळी एकानेच पाय हलवायचा. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, तर वर डोंगरात पाऊस झालाय असं समजून मागे फिरायचं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी.

जळवांचा बाऊ करू नका. गोचिडांचा मात्र करा. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडांमधून पसरतो. कोरड्या महिन्यांत धोका जास्त. पूर्ण पँट, पायमोजे वरून ओढलेले, घरी आल्यावर एकमेकांची मान, काखा, गुडघ्यांमागे नीट तपासणी. माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवायचं.

आता परदेश.

पहिली खेप श्रीलंका, आणि तिथलं श्रीपाद शिखर. इंग्रजीत त्याला ॲडम्स पीक म्हणतात. उंची २,२४३ मीटर, त्यामुळे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. पायथ्याच्या नल्लथन्निया गावाहून सुमारे साडेपाच हजार पायऱ्या, म्हणजे हजारेक मीटरची चढण. वरच्या पाऊलखुणेला बौद्ध बुद्धाची मानतात, हिंदू शंकराची, मुसलमान आदमची, आणि सगळे एकाच रांगेत चढतात. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत हंगाम असतो. त्या काळात वाटेवर रात्रभर दिवे आणि चहाची दुकानं असतात. लोक मध्यरात्रीनंतर निघतात आणि सूर्योदयाला वर पोचतात. खाली घामाने अंग भिजतं आणि वर वारा झोंबतो, म्हणून एक कोरडा शर्ट पिशवीत हवाच. पौर्णिमा आणि शनिवार-रविवार टाळा. शेवटच्या पायऱ्यांवर रांग हलतच नाही आणि सूर्य रांगेतच उगवतो. वर घंटा आहे. जितक्या वेळा आयुष्यात चढलात तितके टोल द्यायचे. आमच्या पुढे एक आजीबाई टोल देत होत्या, त्या थांबेचनात! सूर्य वर आला की पाठ फिरवून पश्चिमेला बघा: डोंगराची सावली धुक्यावर नीट त्रिकोणी पडते, डोंगराचा आकार तसा नसूनही. उतरताना मांड्या थरथरतात. चंद्रनाथाच्या पायऱ्या आठवतील ते इथे.

दुसरी खेप, पैसे असतील तर, मदेइरा. पोर्तुगालचं अटलांटिकमधलं बेट. आमच्या सासऱ्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, "१९६१ ला गेले ना ते, आता तुम्ही कशाला त्यांच्या मागे जाताय?" पण चालणाऱ्या जोडप्यासाठी याहून सोयीची जागा मला ठाऊक नाही. बेटाच्या उत्तरेला पाऊस भरपूर, दक्षिणेला शेती पण पाणी कमी, म्हणून जुन्या लोकांनी डोंगराच्या कडेकडेने पाट खणून पाणी दक्षिणेला आणलं. त्यांना लेवादा म्हणतात, सगळे मिळून दोन हजार किलोमीटरच्या वर भरतात. आपल्या कुळागरात, सुपारीच्या बागेत, पाट असतो ना, तोच, फक्त कड्याला चिकटवलेला. पाटाची देखरेख करणाऱ्यांसाठी बाजूने पायवाट ठेवलेली असते आणि तुम्ही चालता ती हीच. पाणी हळू वाहावं म्हणून पाटाला उतार अगदी कमी, त्यामुळे वाट जवळजवळ सपाट. दम लागणारा आणि न लागणारा दोघेही एकाच वेगाने चालतात! आमच्याकडे पुढे कोण हा प्रश्नच आला नाही.

कालदेराँव व्हेर्दची वाट करा. क्वेमादासपासून एका बाजूने साडेसहा किलोमीटर, शेवटी हिरव्या डोहात पडणारा उंच धबधबा. वाटेत बोगदे लागतात, म्हणून कपाळावर बांधायचा टॉर्च न्या. मोबाइलचा उजेड पुरत नाही, आणि एक हात भिंतीला लागतोच. बोगद्यात छत ठेंगणं, वरून पाणी टपटपतं, डावीकडे की उजवीकडे पाट आहे ते पायानेच कळतं. नवरा उंच, त्यामुळे तो सगळा बोगदा रांगोळी काढणाऱ्या बाईसारखा वाकून आला. काही ठिकाणी वाट मीटरभरही रुंद नाही, एका बाजूला पाणी, दुसरीकडे तारेचं कुंपण आणि खाली दरी. समोरून कोणी आलं तर एकाने पाटाच्या काठावर पाय ठेवून उभं राहायचं. उंचीची भीती असेल तर ही वाट सोडा, इतर पुष्कळ आहेत. भोवतीचं रान लॉरेल जातीच्या झाडांचं, १९९९ पासून जागतिक वारशात. ढग त्यातून सरकतात तेव्हा चोर्ला घाटात उभं असल्यासारखं वाटतं. दरडी आणि वणव्यांमुळे वाटा अधूनमधून बंद असतात, काहींना शुल्क लागतं, तेव्हा सरकारी यादी आदल्या दिवशी पाहा. पोर्तुगालला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा.

हे दोन्ही झाले, दोघांना एकमेकांचं चालणं कळलं, की मग जा नेपाळला. तेव्हाही आधी पून हिल, ३,२१० मीटर. वाटेतल्या उल्लेरी गावाच्या तीन हजारांवर पायऱ्या तुम्हाला तोवर ओळखीच्या वाटतील. बेस कॅम्पला गेलात तर तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं यातलं काही सुरू झालं तर वर जायचं नाही, वाढलं तर खाली यायचं. जोडप्यांत एक घोटाळा होतो: डोकं ठणकत असतं, पण "याची रजा, याचे पैसे फुकट जातील" म्हणून माणूस बोलत नाही. मित्रासमोर पटकन बोलतो, बायकोसमोर लपवतो. आमच्याकडे सकाळी चहाआधी दोघांनी दुखणं सांगायचं, "काही नाही" हे उत्तर चालत नाही. आणि परत फिरायचं एकाने म्हटलं की दुसऱ्याने कारण विचारायचं नाही, निदान खाली पोचेपर्यंत. विमा घेताना किती उंचीपर्यंत लागू आहे ते वाचा. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत ट्रेकिंग येतच नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधार कार्डावर तुमच्या वयाच्या माणसाला सोडत नाहीत.

सामानाचं फार लिहीत नाही, त्याची यादी कुठेही मिळेल. फक्त आमसुलं घ्या. थर्मासच्या गरम पाण्यात दोन आमसुलं, मीठ, चिमूटभर साखर. दमलेल्या तोंडाला चहापेक्षा बरं लागतं, आणि गोड बिस्किटांनी वीट आलेला असतो तेव्हा तर जास्तच.

वेळापत्रक हवं असेल तर: चवथ झाली की चंद्रनाथ सुरू करा, दिवाळीपर्यंत दर रविवार. बूट आत्ताच घ्या आणि बाजारात, ऑफिसात, सगळीकडे घाला, नवे बूट घेऊन विमानात बसू नका. फेब्रुवारीत आठवड्याच्या मधल्या दिवशी, पौर्णिमा सोडून श्रीपाद. चेन्नईहून कोलंबो दीडेक तास, तिथून हॅटनपर्यंत रेल्वे, पुढे बस. रेल्वेत खिडकीची जागा बायकोला द्या, चढावर ती तुमच्या मागे चालणार आहे.