‘कॅस्पेज’ची पावडर देऊ का?

प्रश्न : ह्यांना लिंफोमा (लिंफ पेशींचा कॅन्सर) आहे, केमो चालू आहे. ओळखीतल्या एकांनी पावडर आणून दिली. पाकिटावर लिहिलंय, ‘कॅस्पेज-३ जागवते, कॅन्सरच्या पेशी आपोआप मरतात.’ दुधातून देऊ का? आणि हे कॅस्पेज असतं तरी काय? — एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नका देऊ, ताई. आधी ते पाकीट केमो देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. ‘जडीबुटीच तर आहे, नुकसान काय?’ हे आपल्या इंदुरात पोह्यांच्या गाडीवरसुद्धा ऐकू येतं. पण केमोच्या औषधांशी कशाचं वाकडं येईल, ते पाकिटावर छापलेलं नसतं.

कॅस्पेज मात्र थाप नाही. हे प्रथिनं कापणारं एन्झाइम, त्याचे नंबर दिलेले बरेच प्रकार आहेत, आणि ते आपल्या पेशींत निष्क्रिय रूपात पडूनच असतं. डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडला की मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातून, सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडतं, त्यातून कॅस्पेज-९ कामाला लागतं आणि ते तीन नंबरला कापून जागं करतं. मग हे तीन नंबर ठरावीक प्रथिनं कापत सुटतं. बिऱ्हाड आवरावं तशी पेशी स्वतःला आवरते, शेजाऱ्यांना त्रास न देता. केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली या मरणाला ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ नाव दिलं.

माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजीत, म्हणजे रोगाचे नमुने तपासण्यात झाली. बर्किट या लिंफोमाच्याच एका प्रकाराची स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली की गडद निळ्या पेशींची खच्चून गर्दी दिसते आणि मधेमधे फिकट, मोकळी भोकं. त्या भोकांत मॅक्रोफेज, म्हणजे मेलेलं गिळून साफ करणाऱ्या पेशी, बसलेल्या असतात, पोटात मेलेल्या पेशींचे काळपट तुकडे घेऊन. म्हणजे अत्यंत झपाट्यानं वाढणाऱ्या या कॅन्सरमध्ये पेशी ढिगानं मरत असतात, आणि गाठ तरी फुगतच जाते! नुसतं कॅस्पेज जागं होऊन भागत नाही, ते असं.

पुष्कळदा खोळंबा वरच्या पायरीवर असतो. फॉलिक्युलर या दुसऱ्या प्रकारच्या लिंफोमात बहुधा बीसीएल-२ हे प्रथिन जास्त होतं आणि सायटोक्रोम-सी बाहेरच पडू देत नाही. कॅस्पेज शाबूत, पण हुकूमच येत नाही. याच बीसीएल-२ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालं, रक्ताच्या एका कॅन्सरसाठी. उलट, प्रयोगशाळेतल्या एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींत कॅस्पेज-३ बनतच नाही, तरी औषधानं त्या मरतात. बाकीची कॅस्पेज असतातच.

पावडरवाल्यांचा आधार बहुधा काचेच्या भांड्यातल्या पेशी. हळदीतलं कुर्क्युमिन त्यांच्यावर घातलं की कॅस्पेज-३ जागं होतं, हे खरंच आहे. पण तोंडावाटे घेतलेलं कुर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं. भाजीतली हळद खुशाल घाला.

आणि तुमच्या हाती असलेली गोष्ट सांगतो. घरात थर्मामीटर ठेवा. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर मध्यरात्र असली तरी डॉक्टरांना फोन लावा. आपल्या मनानं क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका.